पूर आणि घरातील मुके सोबती



पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या शाळेच्या विज्ञान मंडळाने 'पुराची पूर्वतयारी' या विषयावर एक छोटीशी सभा भरविली होती. घर सोडावे लागल्यास सोबत काय काय घ्यावे, याची यादी आम्ही फळ्यावर लिहीत होतो. पिण्याचे पाणी, विजेरी, काड्यापेटी, नेहमीची औषधे, शिधापत्रिका, घराचे कागद अशी ती वाढत चालली असता इयत्ता आठवीतील एक मुलगी उठून उभी राहिली व म्हणाली, "सर, आणि मोती?" वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. मोती म्हणजे तिच्या घरचा कुत्रा, हे आम्हांस ठाऊक होते; परंतु सन २०२४ च्या पुरात त्या घरावर काय प्रसंग गुदरला होता, हे त्या दिवशीपर्यंत ठाऊक नव्हते. फळ्यावरील यादीत मोतीस जागा नव्हती आणि त्या मुलीच्या प्रश्नास आमच्यापाशी उत्तरही नव्हते. ते शोधण्याच्या खटपटीतून हा लेख उतरला आहे.

आधी आपल्या नदीविषयी थोडे सांगितले पाहिजे. विश्वामित्री पावागडच्या डोंगरात उगम पावते, बडोदे शहरातून नागमोडी वाहत जाते आणि पुढे ढाढर नदीस मिळून खंभातच्या आखाताकडे जाते. श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत बांधलेल्या आजवा तलावाचे जादा पाणीही अखेर याच नदीत येते. यामुळे आपल्याकडील पुराची एक खोड अशी की, शहरात पाऊस थांबला म्हणजे संकट टळले असे होत नाही. वरच्या अंगाला पडलेले पाणी आणि तलावातून सुटलेले पाणी काही तासांनी येऊन पोहोचते. माथ्यावर ऊन पडलेले असते आणि अंगणात पाणी चढत असते. ता. ३१ जुलै २०१९ रोजी एका दिवसात शहरावर सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस कोसळला. सन २०२४ मध्ये जन्माष्टमीच्या सुमारास, म्हणजे ऑगस्टच्या २६ तारखेपासून जो पूर आला, त्यात काळा घोडा पुलापाशी नदीची पातळी ३५ फुटांच्याही वर गेली. तेथे २५ फूट ही धोक्याची पातळी मानतात, हे लक्षात घेतले म्हणजे त्या पुराचे मान कळेल.

त्या मुलीचे घर नदीच्या बाजूच्या एका सोसायटीत तळमजल्यावर आहे. घरात आजी, आईवडील, ती स्वतः आणि मोती. मोती हा साधा देशी कुत्रा, वजनाने सुमारे १८ किलो, स्वभावाने घरच्यांशी गरीब आणि परक्यांवर गुरगुरणारा. पूर आला त्या वेळी आईवडील परगावी होते. रात्रीतून पाणी ओट्यावर आले, पहाटे खोलीत आले; आजी, नात व मोती अशी तिघे जिन्याच्या वरच्या टप्प्यावर जाऊन बसली. दुपारी बचावपथकाची होडी आली. पथकातील मनुष्याने आदराने हात पुढे केला, "बा, तमे बेसी जाओ," म्हणाला. तो हात आजींकडे जाताच मोतीने त्यावर झडप घातली. दात लागले नाहीत, परंतु होडीत आधीच सात-आठ माणसे आणि दोन तान्ही मुले होती. मुसके नाही, हाताशी दोरी नाही, आणि पिसाळल्यासारखा भुंकणारा कुत्रा. त्यांनी त्यास घेण्याचे नाकारले. आमच्या मते त्यांनी योग्य तेच केले. त्या होडीत एक धक्का बसता तर मुलांचे काय झाले असते, हा विचार त्यांना करावाच लागतो. आजी म्हणाल्या, "तो घरचा आहे. त्याला टाकून मी जायची नाही." नात आजीला सोडून जाईना. होडी दुसऱ्या घरांकडे गेली.

पुढील दोन रात्री ती दोघी व तो कुत्रा जिन्यावर होती. पिण्याचे पाणी दुसऱ्या दिवशी संपले. आजींच्या रक्तदाबाच्या गोळ्या खाली पाण्यात गेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी पाणी उतरू लागले, शेजाऱ्यांनी त्यांना बाहेर काढले, आणि आजींना चार दिवस इस्पितळात राहावे लागले. "आजीचा हट्ट म्हणून असे झाले असे सगळे म्हणतात," त्या मुलीने आम्हांस सांगितले, "पण सर, मोतीला तोंडाला बांधायची सवय लावली असती तर तिला हट्ट करावाच लागला नसता." या वाक्यात या सर्व विषयाचे मर्म आले आहे, असे आम्हांस वाटते.

त्याच गल्लीच्या टोकाला एका बंगल्याच्या फाटकाशी एक कुत्रा साखळीने बांधलेला होता. घरची मंडळी सणासाठी बाहेर गेली होती. रोज भाकरी टाकण्याची सोय करून गेली होती. पाणी चढू लागले तेव्हा तो बराच वेळ भुंकत होता, असे त्या मुलीस आठवते. नंतर तो भुंकण्याचा थांबला. त्याविषयी अधिक लिहिण्याचे आमच्या मनात नाही. त्या घरच्या लोकांस दुष्टही म्हणवत नाही. पुराचा विचार त्यांच्या मनात आला नव्हता, एवढेच. साखळी सहा फुटांची होती आणि पाणी त्याहून उंच चढले.

मनुष्य आपल्या जनावरासाठी जीव धोक्यात घालतो, ही गोष्ट नवी नाही. महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वात धर्मराजाने स्वर्गाच्या दाराशी आलेल्या श्वानास टाकून आत जाण्याचे नाकारले, ही कथा तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. परंतु सरकारी योजना आखणाऱ्यांस ही गोष्ट फार उशिरा पटली, असे जगाचा इतिहास सांगतो. सन १९३९ च्या सप्टेंबरात इंग्लंडने युद्ध पुकारले, तेव्हा लंडनवर लगेच बाँब पडणार या भयाने हजारो कुटुंबांनी आपली कुत्री-मांजरे दवाखान्यांत नेऊन मारविली. त्या आधी निघालेल्या एका सरकारी पत्रकात, जनावरे खेड्यात पाठवावीत, ते न जमल्यास त्यांना मारणेच दयेचे होईल, अशा अर्थाचा सल्ला होता. पहिल्या आठवड्यात एकट्या लंडनमध्ये सुमारे ४ लक्ष प्राणी असे मारले गेले. लंडनवरील खरा मोठा बाँबवर्षाव सुरू झाला तो सन १९४० च्या सप्टेंबरात, म्हणजे पुरते एक वर्ष उलटल्यावर! घाबरून केलेली तयारी कशी असते, याचे हे उदाहरण आम्ही वर्गात नेहमी सांगतो.

दुसरे उदाहरण चेर्नोबिलचे. एप्रिल १९८६ मध्ये तेथील अणुविद्युत केंद्रात स्फोट झाल्यावर जवळच्या प्रिप्यात गावातील सुमारे ४९ हजार लोकांस मोटारींत बसवून हलविण्यात आले. तीन दिवसांत परत यायचे आहे, असे त्यांना सांगितले होते. म्हणून लोकांनी कुत्र्यामांजरांपुढे खाणे ठेवले आणि दारे लावून घेतली. ते लोक कधीच परत राहावयास आले नाहीत. 'दोनच दिवसांचा प्रश्न आहे' या भरवशावर जनावर मागे ठेवणे किती फसवे असते, हे यावरून दिसते. पूर ओसरण्यास किती दिवस लागतील, हे ना पुढाऱ्यांस सांगता येते, ना ज्योतिषास.

अमेरिकेत सन २००५ च्या ऑगस्टअखेर कट्रिना नावाचे चक्रीवादळ न्यू ऑर्लिन्स शहरावर आले. तेथे कित्येक माणसे घर सोडीनात. चौकशी केल्यावर एक कारण पुन्हा पुन्हा पुढे आले: आश्रयस्थानांत व बचावाच्या मोटारींत जनावरांस मज्जाव होता. त्यापैकी अनेकांचे प्राण गेले. पुढील वर्षी, सन २००६ मध्ये, त्या देशाने कायदा केला की, आपत्तीची योजना आखताना राज्यांनी व गावांनी घरगुती जनावरांचाही विचार केला पाहिजे. हा कायदा केवळ भूतदयेने झालेला नाही. जनावरास वाट दिली नाही तर माणूसही बाहेर निघत नाही, हा अनुभव त्याच्या मुळाशी आहे. आजींनी आपल्या जिन्यावर बसून हेच सिद्ध केले होते.

आता प्रत्यक्ष तयारीकडे वळू. ही तयारी पावसाळ्यात होत नसते, ती वैशाख-ज्येष्ठातच व्हावी लागते. कारण वस्तू एका दिवसात विकत मिळतात, पण सवय एका दिवसात लागत नाही.

कुत्र्यास तीन गोष्टींची सवय हवी: पट्टा व दोरी, तोंडास मुसके, आणि परक्या माणसाच्या हातून चालणे. यांतील तिसरी गोष्ट बहुतेक घरांत कोणी मनावरच घेत नाही. घरच्यांखेरीज कोणास जवळ येऊ न देणारा कुत्रा राखणदार म्हणून आपण कौतुकाने मिरवितो. पुराच्या दिवशी हाच गुण त्याच्या व आपल्या मुळावर येतो. बाजारात कातडी किंवा जाळीदार मुसके मिळते. ते आरंभी नुसते हुंगू द्यावे, मग त्यातून भाकरीचा तुकडा खाऊ घालावा, मग क्षणभर चढवून काढावे, असे दोन-तीन आठवडे केले म्हणजे कुत्रा ते निमूटपणे घालून घेतो. जाळीदार मुसके उत्तम, कारण त्यात तोंड उघडून धापा टाकता येतात. कुत्र्यास आपल्यासारखा सर्वांगास घाम येत नाही. धापा टाकूनच तो अंगातील उष्णता बाहेर टाकतो, हे शरीरशास्त्राच्या तासाला आपण शिकलोच आहो.

मुसके हाताशी नसल्यास दीड मीटर लांबीची सुती पट्टी चालते. जुन्या साडीची किंवा ओढणीची फाडून घेतली तरी हरकत नाही. पट्टीच्या मध्यावर सैल फास करावा, तो कुत्र्याच्या नाकाडावरून घालून गाठ वर येईल असा आवळावा. मग दोन्ही टोके हनुवटीखाली नेऊन एक अढी द्यावी. अखेर ती कानांखालून मानेमागे नेऊन, एका ओढीत सुटेल अशी गाठ मारावी. होडीत चढवून उतरविण्यापुरतेच, म्हणजे काही मिनिटेच हे बंधन ठेवावयाचे. ज्या कुत्र्याचे नाक चपटे आहे, जो ओकत आहे किंवा ज्यास धाप लागली आहे, त्याचे तोंड असे कधीही बांधू नये. आम्ही हा प्रयोग वर्गात कापडी कुत्र्यावर करून दाखविला. पाच-सहा मुलांस पहिल्या खेपेस जमला. स्वतः आम्हांस तिसऱ्या खेपेस जमला, हेही येथे कबूल करणे बरे.

मांजराची गोष्ट निराळी. भय वाटले की कुत्रा माणसाकडे धावतो, मांजर मात्र माणसापासून दूर, अडगळीत किंवा कपाटामागे जाऊन बसते. आणि ऐन घाईत ते सापडत नाही. म्हणून निघावे लागेल असे दिसताच सर्वांत आधी, पेट्या भरण्याच्याही आधी, मांजरास धरून एका लहान खोलीत बंद करावे. ती खोली आधी तपासावी, कारण ज्या खोलीत पलंग व कपाट आहे तेथून ते काढणे म्हणजे दुसरे संकट. झाकणाची वेताची करंडी किंवा प्लॅस्टिकचा पिंजरा घरात कायम उघडा ठेवावा, त्यातच अधूनमधून खाणे द्यावे, म्हणजे मांजर त्यास आपले घर समजू लागते. काहीच नसले तर उशीचा सुती अभ्रा कामी येतो: मांजरास टॉवेलात गुंडाळून अभ्र्यात सोडावे व तोंड बांधावे. हवा आत जाते आणि नखे बाहेर येत नाहीत. दिसण्यास हा प्रकार निर्दय वाटतो खरा, पण हातातून निसटलेले मांजर पुराच्या पाण्यात परत मिळत नाही.

पिंजऱ्यातील पक्ष्यांवर पातळ कापड टाकले म्हणजे ते शांत राहतात. जाता जाता एक गोष्ट सांगावीशी वाटते: आपल्याकडचा हिरवा पोपट पाळणे सन १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कित्येक घरांत तो अजून आढळतो. त्या घरांनी पुराची वाट न पाहता वनखात्याचा सल्ला घ्यावा, हे बरे.

जनावराची पिशवी वेगळी असावी व ती दाराजवळ टांगलेली असावी. सात दिवसांचे कोरडे खाणे घट्ट झाकणाच्या डब्यात. पाणी किती, हे हिशेबाने काढावे: कुत्र्यास दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते, म्हणजे मोतीसारख्या १८ किलोच्या कुत्र्यास रोज सुमारे १ लिटर, सात दिवसांस ७ लिटर. उन्हाळी उकाड्यात त्याहून थोडे अधिक धरावे. मुलांनी हे गणित आपापल्या घरच्या जनावराचे करून पाहावे. लसीच्या पुस्तिकेची प्रत, चालू औषधे, आणि एक छायाचित्र हे सर्व मेणकापडात बांधावे. छायाचित्रात जनावराबरोबर घरचा माणूसही असावा. हरवलेला कुत्रा 'तपकिरी, मध्यम उंचीचा' एवढ्या वर्णनावर कोणी ओळखीत नाही, आणि तो आपलाच असल्याचे दाखविण्यास असे छायाचित्र उपयोगी पडते. गळ्यातील पट्ट्यावर घरच्या दूरध्वनीचा क्रमांक पक्क्या शाईने लिहावा. घरच्या वासाचे एखादे फडके सोबत असल्यास परक्या जागी जनावर लवकर स्वस्थ होते.

पेट्या भरून झाल्या, पण जायचे कोठे? हा प्रश्न आम्ही मुलांच्या घरी विचारला, तेव्हा बहुतेक ठिकाणी 'मदतकेंद्रात' असे उत्तर आले. तेथे कुत्रा चालेल काय, हे मात्र कोणीच विचारून ठेवले नव्हते. पुष्कळ केंद्रांत चालत नाही. त्यात केवळ निष्ठुरपणा आहे असे नव्हे. तेथे लहान मुले असतात, कुत्र्यास भिणारी माणसे असतात, दम्याचे रोगी असतात. म्हणून उंचावर राहणारे नातलग, वरच्या मजल्यावरील स्नेही, नदीच्या दुसऱ्या अंगाचा एखादा पशुवैद्य, यांना आधीच विचारून ठेवावे. आमच्या मुख्याध्यापकांपुढे आम्ही अशी विनंती ठेवली आहे की, शाळेत केंद्र उघडल्यास सायकली ठेवण्याची पडवी जनावरांसाठी राखावी; लस टोचलेली असावी, प्रत्येक जनावर वेगळे बांधावे, आणि घरच्या एका माणसाने त्याच्याजवळ राहावे. त्यांनी ती तत्त्वतः मान्य केली आहे. केंद्रात कुत्र्यास कोणी प्रेमाने काहीही घालू नये. कांदा, लसूण, मनुका व चॉकलेट त्यास अपायकारक असतात.

आणि निघायचे केव्हा? रस्ता कोरडा असताना. कोरड्या रस्त्यावर रिक्षावाला कुत्र्यास घेतो, गुडघाभर पाण्यात ट्रॅक्टरवालाही कदाचित घेईल. छातीभर पाण्यात आलेली होडी घेईलच असे नाही. ज्याच्या घरी जनावर आहे त्याने इतरांपेक्षा सहा तास आधी निघावे, असा आमचा साधा हिशेब आहे. कुत्री भूकंप-पुराची चाहूल आधी देतात, अशी समजूत आपल्याकडे आहे. सन २००१ च्या भूकंपानंतर अशा कथा आपण पुष्कळ ऐकल्या. त्यांवर विसंबून राहण्याजोगा पुरावा नाही. नदीच्या पातळीची बातमी मोतीच्या रडण्यापेक्षा अधिक भरवशाची.

बडोद्याच्या पुरात आणखी एक गोष्ट आहे, जी बहुतेक गावांत नसते. आपल्या विश्वामित्रीत मगरींची वस्ती आहे, आणि नदी पात्र सोडते तेव्हा त्याही रस्त्यांवर व अंगणांत येतात. सन २०२४ च्या पुरात तीन दिवसांत वस्तीतून २४ मगरी पकडण्यात आल्या. पाण्याच्या काठाशी वावरणारा कुत्रा मगरीस सोपे भक्ष्य असतो. म्हणून पाणी अंगणात असताना कुत्र्यास फिरावयास मोकळे सोडू नये, काठाशी बांधू नये. त्यास वरच्या मजल्यावर किंवा गच्चीवर न्यावे. मगर दिसल्यास दगड न मारता वनखात्यास कळवावे. तो प्राणी कायद्याने संरक्षित आहे आणि त्याचेही घर त्या दिवशी वाहून गेलेले असते.

क्वचित असा प्रसंग येतो की, सर्व करूनही जनावर मागे ठेवावेच लागते. तेव्हा पहिली व शेवटची गोष्ट एकच: बांधून ठेवू नये, पिंजऱ्यात कोंडू नये. गळ्यातील साखळी काढावी, ओळखीचा पट्टा राहू द्यावा. वरच्या मजल्याची, माळ्याची, गच्चीची दारे उघडी करून ती मिटणार नाहीत असा अडसर लावावा. जड बुडाच्या तीन-चार भांड्यांत पाणी वर नेऊन ठेवावे. दारावर खडूने ठळक लिहावे, 'आत कुत्रा आहे, नाव मोती'. नावाने हाक मारल्यास कुत्रा परक्याकडेही येण्याचा संभव असतो. आखूड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे आणि उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणे, हे दोन्ही सन १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्याने गुन्हे आहेत. पण ज्यास त्या फाटकाची गोष्ट ठाऊक आहे त्यास कायद्याची गरज पडू नये.

आपल्यापैकी अनेकांचे आजोळ कोल्हापूर-सांगलीकडे आहे. तेथे सन २०१९ च्या ऑगस्टात पंचगंगा व कृष्णा यांनी हाहाकार केला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यापाशी ४३ फूट. ती त्या वर्षी ५५ फुटांवर गेली. त्या गावांत प्रश्न कुत्र्याचा नव्हता, गोठ्याचा होता. दुभती म्हैस म्हणजे घराचे उत्पन्न. ती सोडून होडीत कसे बसावे, म्हणून कित्येक शेतकरी घराच्या पत्र्यावर बसून राहिले. तेथील जाणती माणसे सांगतात की, पावसाळाभर दावे खुंट्यास एका ओढीत सुटेल अशा गाठीने बांधावे, लोखंडी साखळी वापरू नये, आणि वेळ आली तर दावे कापण्यास विळा गोठ्याच्या दाराशीच अडकवावा. पाऊस सुरू होण्यापूर्वी घटसर्प व फऱ्या या रोगांची लस टोचून घ्यावी. कानातील पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ अंकी क्रमांक वहीत उतरून ठेवावा. पूर ओसरल्यावर मालकी सिद्ध करण्यास व नुकसानभरपाई मागण्यास तो कामी येतो. भिजून बुरशी आलेला कडबा जनावरांस घालू नये, तो कितीही महागाचा असला तरी.

पाणी ओसरल्यावर घरी परतणाऱ्यांस आणखी काही दिवस सावध राहावे लागते. पुराच्या पाण्यात उंदरांच्या व इतर जनावरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू मिसळतात. सन २००५ च्या जुलैत मुंबईत जो प्रलय झाला, त्यानंतर या रोगाची मोठी साथ आली होती. तो माणसास होतो तसा कुत्र्यासही होतो, आणि कुत्र्यापासून माणसास होऊ शकतो. कुत्र्यासाठी त्यावर लस आहे. ती पावसाळ्यापूर्वी टोचून घ्यावी. पायांस जखम असताना त्या पाण्यात जाऊ नये, आणि कुत्र्याचे पाय धुताना स्वतःचेही हात साबणाने धुवावेत. घाबरलेले जनावर, मग ते घरचे का असेना, चावते. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद-चुना भरून घरी बसू नये. घरात शिरताना कुत्रा पुढे सोडू नये, कारण फडताळात, भिजल्या गाद्यांत साप आलेले असतात. पाण्याने घराचा वास बदललेला असतो, म्हणून मांजर आपलेच घर ओळखीत नाही आणि दूर निघून जाते. त्यास आठवडाभर दारे लावून आत ठेवावे.

हा लेख लिहून झाल्यावर आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो होतो. आजी आता बऱ्या आहेत. मोतीने आम्हांवर गुरगुर केली, पण मुसके घालून घेतले. दर रविवारी सोसायटीतील कोणीतरी निराळा माणूस त्यास दोरीने धरून जिना उतरवितो व चढवितो. वर पोहोचल्यावर त्यास भाकरीचा तुकडा मिळतो. आजींच्या गोळ्या आणि मोतीची पुस्तिका आता एकाच मेणकापडात आहेत. दाराच्या आतल्या बाजूस नातीने खडूने लिहिले आहे: 'काळा घोडा १८ फूट झाले की निघणे. आजी, मी, मोती.'